नकाशात पायऱ्या नव्हत्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एका दमात सांगेन: आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचे. आईवडिलांनी पोटाला घातलं, मायेनं वाढवलं. पण दहावीच्या पुढे काय असतं हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. वडील जिनिंग मिलमध्ये सरकीची पोती उचलायचे. निकालाच्या दिवशी सर मिलच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "पोराला मिलमध्ये आणायचं नाही. पुढचं मी बघतो." तेव्हापासून इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझा प्रत्येक फॉर्म सरांनी भरला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवी घ्यायला गेलो तेव्हा अंगात सरांचा कोट होता. खांद्यावर ढगळ होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

सर इंग्रजी शिकवायचे ते एका नकाशावरून. पेपर तपासायला पुण्याला गेले असताना रद्दीच्या दुकानात त्यांना स्कॉटलंडमधल्या एडिनबऱ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी छापलेली एक जुनी पुस्तिका मिळाली होती. आत शहराचा नकाशा होता. सरांनी तो ड्रॉइंग शीटवर मोठा करून काढला, रंगवला आणि नववीच्या वर्गात टांगला. रस्ता विचारणं आणि रस्ता सांगणं हा धडा आम्ही त्यावर गिरवला. एक मुलगा प्रवासी, दुसरा तिथला रहिवासी. "एक्स्क्यूज मी सर, हाउ डू आय गेट टू द कॅसल?" "गो स्ट्रेट अँड टेक द सेकंड लेफ्ट." आमच्या गावात डांबरी रस्ता एकच होता आणि तो एस.टी. स्टँडवर संपायचा. तरी आम्ही चाळीस पोरं प्रिन्सेस स्ट्रीटवरून किल्ल्यावर आणि किल्ल्यावरून खाली राजवाड्याकडे जाऊन येत होतो. कुणी चुकलं की सर म्हणायचे, "अरे गाढवा, स्टेशनात शिरलास. आता बस लंडनच्या गाडीत."

नोकरी मला पुण्यात लागली आणि दोन हजार एक साली कंपनीनं जिथं पाठवलं ते गाव निघालं एडिनबरा. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काम होतं. पहिल्याच शनिवारी मी सरांच्या शेजारच्या दुकानात फोन लावून त्यांना बोलावून घेतलं. सरांनी गावाचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग हळूच म्हणाले, "खरंच किल्ला आहे का रे तिथं?"

"आहे सर. ऑफिसच्या खिडकीतून दिसतो."

"मग मी येणार बघायला. तू नाही म्हणालास तरी येणार."

मी नाही म्हणालो नाही. नुसतं पुढे ढकलत गेलो. आधी वाटलं, चार पोरांत राहतो, सरांना कुठं ठेवणार? स्वतःची जागा घेतली की बोलावू. मग जागा झाली, तर कामाचा करार वाढतोय की नाही ते कळेना. मग लग्न ठरायचं होतं, ते मोडलं. असं करता करता पाच वर्षं गेली. सरांची पत्रं येत होती. तिसऱ्या वर्षापासून अक्षर काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, येऊ लागलं. 'सर सांगतात, मी लिहिते' अशी सुरुवात असायची. निवृत्त झाल्यावर सरांना आता लेखनिक मिळाला, असं म्हणून मी हसलो होतो. एकदा फोनवर सर म्हणालेही होते, "डोळ्यांना जरा त्रास आहे. शिबिरात दाखवलं. मोतीबिंदू सुरू झालाय म्हणतात, पिकला की काढू." त्यावर मी, शिकलासवरलेला इंजिनियर, म्हणालो होतो, "घाई करू नका सर. नीट पिकू द्या."

दोन हजार सहाच्या मे महिन्यात सर आले. एकटेच आले, काकूंनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. लंडनला विमान बदलावं लागणार होतं म्हणून मी तिथपर्यंत घ्यायला गेलो. सर बाहेर आले ते एका गुजराती कुटुंबाच्या सामानाच्या गाडीला हात लावून. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा वेळ चाचपत राहिला. "केस गेले की रे तुझे," म्हणाले. ते खरंच गेले होते, म्हणून मी हसलो.

दहा दिवसांचा कार्यक्रम मी कागदावर आखला होता. पहिल्या दिवशी वरून उघडी असलेली बस, सगळं शहर फिरवून आणणारी. दुसऱ्या दिवशी किल्ला. मग संग्रहालय, बोटॅनिक गार्डन, कॅल्टन हिल, फोर्थवरचा रेल्वेचा तांबडा पूल. तिकिटं आधीच काढून ठेवली होती. मे महिन्यात तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा सरांना दिवसाला दोन दिवसांइतकं बघता येईल, असा माझा हिशेब होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात सरांच्या पुढे कुणी चालत नाही. बरोबरीनंही चालत नाही. अर्धं पाऊल मागं राहायचं, हाक आली तर पुढे व्हायचं. सरांचा हात धरणं तर सुचायचंच नाही. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, अंगातच होतं. मी तेहेतीस वर्षांचा होतो, बँकेत माझ्या हाताखाली सहा माणसं होती, पण प्रिन्सेस स्ट्रीटवर सरांबरोबर उतरलो आणि आपोआप अर्धं पाऊल मागं झालो. परक्या शहरात सर पुढे आणि मी मागे, असे आम्ही दोन दिवस फिरलो.

आणि सर चुकत नव्हते. "आता उजव्या हाताला बाग. बागेपलीकडे, वर, किल्ला. बरोबर?" बरोबर असायचं. "आता हा पूल ओलांडला की डावीकडे स्टेशन." स्टेशन असायचं. मला इतका अभिमान वाटत होता की मी तीन-चार वेळा रस्त्यातल्या अनोळखी माणसांना सांगितलं, हे माझे शिक्षक, पहिल्यांदा आलेत आणि बघा, रस्ता तेच दाखवतायत. बसमध्ये वरच्या मजल्यावर आम्ही पुढच्याच बाकावर बसलो. मी बोट दाखवून म्हणालो, "सर, तो काळा मनोरा बघा." सर म्हणाले, "मी बघतोय. तू सांग काय दिसतंय ते. इंग्रजीत सांग. बघू, विसरलास का." मी सांगू लागलो. उंची, टोकं, दगडांचा काळा पडलेला रंग, खाली बसलेली माणसं. सर मान डोलवत होते. मध्येच म्हणाले, "नुसतं टॉल काय म्हणतोस? किती टॉल? कशासारखा?" मी म्हणालो, देवळाच्या कळसासारखा, पण चारी बाजूंनी पोखरलेला. "हां, आता दिसला," सर म्हणाले. मला वाटलं, शाबासकी मिळाली.

किल्ल्यावरही तसंच. तटावरून सगळं शहर आणि पलीकडे समुद्राची पट्टी दिसते. तिथं सरांनी मला अर्धा तास बोलायला लावलं. एक वाजता तोफ उडते ती बघायला माणसं गोळा झाली, आम्हीही उभे राहिलो. तोफ उडाली आणि सर इतके दचकले की शेजारच्या बाईंनी त्यांचा दंड धरला. "आर यू ऑलराइट, लव्ह?" म्हणाल्या. सर हसले. सगळ्यांनी सैनिकाला पुढे येताना, दोरी ओढताना पाहिलं होतं. तोफ उडणार हे सगळ्यांना आधी कळलं होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रॉयल माइलवरून खाली येत होतो. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोळ आहेत. अरुंद, अंधारे, डोंगराच्या उतारावरून खालच्या रस्त्याला जाणारे. कुठंसं कोणी बॅगपाइप वाजवत होतं. सर थांबले, डोकं जरा तिरकं करून म्हणाले, "इथून खाली उतरलं की थेट स्टेशनाच्या बाजूला निघतो. जायचं?"

"चला की सर."

सर आत शिरले. मी अर्धं पाऊल मागं. बोळ आधी सपाट होता, दहा-बारा पावलांचा. मग एकदम पायऱ्या. उन्हातून आलेल्या माझ्याही डोळ्यांना त्या नीट दिसायला क्षणभर लागला. सरांनी पाऊल टाकलं ते सपाट रस्त्यावर टाकावं तसं, पूर्ण भरवशानं. खाली काही नव्हतं. ते पाच-सहा पायऱ्या घरंगळत गेले आणि भिंतीवर आपटले.

मी धावत उतरलो. चष्मा फुटला होता, कपाळातून रक्त वाहत होतं. एका सहलीची माणसं वरून डोकावत होती, त्यांचा गाइड पाणी घेऊन आला. सर पायरीवर बसले, माझा रुमाल कपाळावर दाबून. मला वाटलं, आता म्हणतील, वय झालं, तोल गेला. ते म्हणाले, "नकाशात पायऱ्या नव्हत्या रे."

हॉस्पिटलात टाके घालायला बसवलं तेव्हा नर्सनं त्यांच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे न बघता सरांनाच विचारलं, बाजूचं दिसत नाही हे किती दिवसांपासून आहे? सरांनी ताठ बसून, वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं, "क्वाइट सम टाइम, मॅडम." माझ्यापासून इतकी वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी एका परक्या बाईला पहिल्या प्रश्नात सांगून टाकली. कदाचित पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

ग्लासगोला मराठी मंडळाच्या ओळखीतल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात. मी फोन केला तर म्हणाल्या, "उद्या रविवार आहे, घरी घेऊन ये. हातात धरायची इन्स्ट्रुमेंट्स आहेत, एक लुक घेते." सकाळच्या ट्रेननं आम्ही गेलो. त्यांनी आधी पोहे खायला घातले. मग सरांना खुर्चीत बसवून समोर बसल्या.

"काका, स्ट्रेट माझ्या नाकाकडे बघायचं. हलायचं नाही हं. आता सांगा, बोटं किती?"

त्यांचे दोन्ही हात दोन्ही कानांशी वर धरलेले होते, बोटं ताठ.

"कुठं?" सर म्हणाले.

त्यांनी हात हळूहळू आत आणले. अगदी चेहऱ्याजवळ आल्यावर सर म्हणाले, "तीन." मग त्यांनी छोट्या दुर्बिणीनं दोन्ही डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. खिडकीचा पडदा ओढला, पुन्हा पाहिलं. रात्री आम्हाला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या चष्म्याच्या दुकानात नेऊन डोळ्यांतलं प्रेशर मोजून घेतलं, पण ते नुसतं खात्रीसाठी. सांगायचं ते त्यांनी रविवारीच सांगितलं.

"काका, हा मोतीबिंदू नाही. म्हणजे थोडा आहे, पण प्रॉब्लेम तो नाही. हा काचबिंदू आहे. मागची नर्व्ह ऑलमोस्ट गेलीय. मधे एक बारीकसं भोक राहिलंय, त्यातून तुम्ही बघताय."

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"कशाचं करणार? थेंब देते. ते चालू ठेवले तर आहे ते टिकेल. वर्षभर, कदाचित दोन. प्रॉमिस नाही करत."

"आणि गेलंय ते?"

"गेलेलं परत नाही येत रे. पाच वर्षांपूर्वी कुणी प्रेशर चेक केलं असतं ना..." त्या थांबल्या आणि सरांना म्हणाल्या, "काका, अजून पोहे घ्या."

"पिकू द्या म्हणाले होते," सर म्हणाले.

"कोण?"

"सगळेच," सर म्हणाले. माझ्या दिशेनं त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर हिरवी कुरणं, मेंढ्या, लांब टेकड्यांवर ऊन. सर म्हणाले, "तिला सांगायचं नाही." म्हणजे काकूंना. काकूंची आई शेवटी आंधळी झाली होती आणि ती गेली तोवर बारा वर्षं काकूंनी तिचं सगळं हातानं केलं होतं, हे मला माहीत होतं. सर म्हणाले, "ती बारा वर्षं तिनं कशी काढली ते मी पाहिलंय. कळेल तेव्हा कळेल. आत्ता दिवाळीनंतर ऑपरेशन होणार म्हणून खूश आहे बिचारी. तू पत्र लिहिशील, ती मोठ्यानं वाचेल. त्यात काही येता कामा नये."

"सर, कधी ना कधी..."

"तेव्हा बघू. आणि तोंड पाडून बसू नकोस. फिरायला आलोय ना मी?"

उरलेले दिवस आम्ही फिरलो. कागदावर आखलेलं होतं ते सगळं केलं. आता मी त्यांचा दंड धरून, बरोबरीनं चालत होतो. "पायरी, सर. अजून एक. आता सपाट." सर एकदम म्हातारे दिसू लागले. दोन दिवसांपूर्वी जो माणूस मला शहर दाखवत होता तो आता दर दहा पावलांनी थांबायचा. मला राहून राहून वाटायचं, मी धरलं म्हणूनच ते असे झाले. बोटॅनिक गार्डनमध्ये काचेच्या घरात ते घटकाभर बसले, तिथली दमट हवा त्यांना बरी वाटली. कॅल्टन हिलवर वारा फार होता. तांबड्या पुलासमोर आम्ही एका बाकावर दोन तास बसलो. सरांनी आता इंग्रजीत सांग म्हटलं नाही. मी आपण होऊन मराठीत सांगू लागलो: पुलाला तीन उंचवटे आहेत, खालून बोट चाललीय, आता आगगाडी येतेय. थोड्या वेळानं माझे शब्द संपले. सर म्हणाले, "राहू दे. गाडीचा आवाज येतोय की."

जाताना विमानतळावर मी चाकांची खुर्ची मागितली. सर आधी नको म्हणाले. मग बसले. ढकलणाऱ्या माणसाला म्हणाले, "थँक्यू, सर." ते आत गेले आणि मी काचेपलीकडे उभा राहिलो. त्यांनी मागं वळून हात केला, पण मी उभा होतो त्या बाजूला नाही.

घरी येऊन पत्र लिहायला बसलो. काकू मोठ्यानं वाचणार आणि सर ऐकणार, हे डोळ्यांपुढे होतं. जे सरांना लिहायचं होतं, माफी मागायची होती, पाच वर्षं का घालवली ते सांगायचं होतं, त्यातलं एकही वाक्य चालणार नव्हतं. तीन वेळा लिहून फाडलं. शेवटी पाठवलं ते असं:

आदरणीय सर आणि काकू,

दोघांनाही माझा वाकून नमस्कार. सर सुखरूप पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. घर दोन दिवस फार रिकामं वाटतंय.

काकू, सरांनी इथं काय काय पाहिलं ते तुम्हाला सांगतीलच, पण स्वतःची तारीफ ते करणार नाहीत म्हणून मी लिहितो. पहिल्या दिवसापासून रस्ता त्यांनी दाखवला, मी नुसता मागून चाललो. किल्ल्यावरून त्यांनी समुद्र पाहिला. मोठा तांबडा पूल पाहिला. त्यावरून आगगाडी जाताना त्यांनी माझ्या आधी ओळखली. बागेतल्या काचेच्या घरात आपल्याकडची केळ आहे, तीही पाहिली. कपाळावरची खूण बघून घाबरू नका. इथले बोळ दगडी आणि निसरडे आहेत, माझं लक्ष नव्हतं, चूक माझी.

इथल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना डोळे दाखवले. ऑपरेशनची घाई नको, अजून पिकायचा आहे, असं त्या म्हणाल्या. तेव्हा दिवाळीनंतरचं आत्ता ठरवू नका. त्यांनी डोळ्यांचे थेंब दिलेत. इकडच्या कोरड्या हवेनं डोळे चुरचुरत होते म्हणून दिले, पण तिकडेही चालू ठेवा असं त्यांनी बजावून सांगितलंय. रोज सकाळी आणि रात्री, दोन्ही डोळ्यांत एकेक. काकू, ते तुम्हीच घाला. सर कंटाळा करतील, कशाला म्हणतील, ऐकू नका. एकही दिवस चुकवू नका. प्रवासाला गेलात तर बरोबर न्या. बाटली अर्धी झाली की मला कळवा, मी पाठवतो. तिकडे तालुक्याला मिळतात का तेही विचारून ठेवा.

अंगणातल्या दोन पायऱ्यांना कठडा करून घ्या. काकू, तुमच्या गुडघ्यांसाठी म्हणतोय.

सर, तुम्ही आलात. यापुढे मला काही लिहिता येत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

तुमचा विद्यार्थी